मंगळवारचा पांढरा कागद

अलिबागकडे लोक समुद्र बघायला जातात. मी हवा बघायला गेले. पेण सुटल्यावर एसटीत शेजारी बसलेल्या बाईंना मी हे सांगितलं, तेव्हा मांडीवरची पिशवी सावरत त्या म्हणाल्या, "हवा दिसते व्हय? मंग आमाला पन दाखव गो." मी म्हटलं, "कागदावर दिसते, मावशी." त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांचा विश्वास बसला नसावा. मला तरी नीट सांगता कुठे आलं होतं?

मी जत तालुक्यातली. वडील गवंडी, आई रोजगाराला जाते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते म्हणजे नेमकं काय करते, हे वडिलांना अजून सांगता आलेलं नाही. प्रबंध लिहायचाय म्हटल्यावर त्यांनी विचारलं होतं, "किती खणाचा?" त्यांच्या मनात बांधकामच होतं, आणि तेही फारसं चुकीचं नव्हतं.

आमचे सर गेली कित्येक वर्षं रायगडच्या किनाऱ्यावरची हवा मोजत आहेत. शहराची हवा मोजणारे खूप, खेड्याची कोणी मोजत नाही, म्हणून त्यांनी चौलजवळ, काशीदला आणि हरिहरेश्वरला ओळखीच्या घरांच्या गच्चीवर एकेक यंत्र बसवलं. पाण्याच्या लहान टाकीएवढी पेटी, आत हवा ओढणारा पंप आणि एक पांढरा गोल कागद. दर मंगळवारी सकाळी यंत्र चालू करायचं, बुधवारी सकाळी बंद करायचं, चिमट्याने कागद काढून पाकिटात घालायचा. महिना आणि आठवडा पाकिटावर आधीच छापलेला असतो. सगळी पाकिटं आमच्या प्रयोगशाळेत येतात. कागदाचं वजन जितकं वाढलेलं, तितकी हवेत धूळ आणि काजळी.

इतक्या वर्षांच्या कागदांवरून सरांनी तीन आलेख काढले होते. काशीदचा वर चढत होता. हरिहरेश्वरचा दर उन्हाळ्यात उसळी घेऊन पुन्हा खाली यायचा. चौलचा मात्र हळूहळू उतरत होता. गावात गॅस आला, चुली कमी झाल्या, म्हणून हवा सुधारली, असं सरांचं म्हणणं होतं. माझा प्रबंध त्या उतरत्या रेषेवर उभा राहायचा होता. "एकदा तिन्ही जागा डोळ्यांनी बघून ये," सर म्हणाले, "मग लिहायला बस." म्हणून मार्चअखेरीला, होळी होऊन गेल्यावर, मी निघाले.

माईंचं घर

चौलच्या पुढे रस्ता सोडून आत वळलं की दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. आमच्याकडे सावली शोधत फिरावं लागतं, इथे ऊनच फटीफटीतून खाली पडत होतं. वाड्या संपल्या की भाताची शेतं, शेतांच्या मागे डोंगर. त्या कडेला माईंचं घर.

माई साठीच्या पुढच्या. अख्खं गाव त्यांना माईच म्हणतं. मुलगा विनायक अलिबागच्या एका हॉटेलात गाडी चालवतो. सून वनिता माहेरची रोह्याकडची.

"आलीस गो? सर कसे हायत?" माईंनी माझ्या हातातली पिशवीच काढून घेतली. "बस. पानी पी. मंग मशीन दाखवते."

त्यांनी दाखवलेलं यंत्र बघून मी चकित झाले. पत्रा चकचकीत, कडेला गंज नाही, कोळिष्टकाचा धागा नाही. दसऱ्याला वाहिलेल्या हळदकुंकवाची फिकट बोटं तेवढी झाकणावर होती. माई पदराने ती पेटी पुसत म्हणाल्या, "आमचे हे होते तवर तेच बघायचे. गावात गॅस आला त्याच साली ते गेले, तवापासून मीच बघते. परक्याची वस्तू हाय. कवा तरी परत द्यायची, तर घेतली तशीच दिली पायजे ना?"

मला खूप बरं वाटलं. सरांना कळवायचं म्हणून मी फोटोही काढला.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट. भाकरी इतकी पांढरी आणि मऊ, की ज्वारीची सवय असलेल्या माझ्या हातात ती टिकेना. "दातानं तोडू नको, ती काय कडबा हाय?" माई हसल्या. वनितावहिनी वाढत होत्या. स्वयंपाकघर आणि ओटी यांच्यात तीन पायऱ्या होत्या. प्रत्येक वेळी मधल्या पायरीवर त्या क्षणभर थांबायच्या, जणू काही आठवत असावं. मग माझ्या लक्षात आलं, त्या श्वास घेत होत्या.

"आमची सून म्हंजे मोठ्या घरची," माई मला म्हणाल्या, पण आवाज आत जाईल इतका मोठा. "धूर सोसत न्हाय तिला. अंघोळीचं पानी तापवायला चुलवणात झावळी सारली की हिचा खोकला सुरू. आमी काय जल्मभर गॅसवर रांधलं?"

"आई, मी काय मुद्दाम..." आतून आवाज आला, आणि वाक्य तिथेच तुटलं.

मग माईंनीच सगळं सांगितलं. येत्या मंगळवारी त्यांचा राब होता. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, तोडलेली टहाळं, पालापाचोळा आणि वाळकं गवत थराथराने पसरायचं, वर माती भुरभुरायची आणि पेटवून द्यायचं. त्याला राब भाजणं म्हणतात. तण जळतं, राखेने रोप जोमाने येतं. या गावात राब सावडीने भाजतात. आज माझ्या शेतात तुमच्या घरचं माणूस, उद्या तुमच्या शेतात माझ्या घरचं. हातात ओला टहाळा घेऊन कडेने उभं राहायचं आणि बाहेर पळणारी आग झोडपायची. मुलगा कामावर, माईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांच्या घरातून वहिनी जायच्या. गेल्या वर्षी राबाच्या कडेलाच त्या खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. रिक्षात घालून अलिबागला न्यावं लागलं.

"डाक्टर म्हनतो, धुरात जायचं न्हाय. डाक्टर काय, सगळ्यांनाच तसं सांगतो," माई म्हणाल्या. "हिनं नाय म्हटलं की सावड मोडली. मंग आमच्या राबाला कोन येनार? आनि हवा खराब हाय म्हनते, तर त्ये बघ काय लिवलंय." भिंतीवर देवांच्या तसबिरींशेजारी सर दर वर्षी पाठवतात त्या अहवालाचं पान काचेत बसवलेलं होतं. "तूच वाच गो. तू शिकलेली. तिला ऐकू जाऊ दे."

मी वाचलं. हवेचा दर्जा चांगला, गेल्या काही वर्षांत सातत्याने सुधारत आहे. माझा आवाज वर्गात वाचल्यासारखा निघाला. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मग ताटं उचलायला लागल्या.

संध्याकाळी विहिरीवर त्या मला एकट्या भेटल्या. कमरेला खोचलेला श्वासाचा पंप त्यांनी पदराआडून काढला, दोनदा ओढला आणि परत खोचला. "आईंना वाटतं, याची सवय लागते. म्हणून समोर घेत नाही." मग त्यांनी विचारलं, "त्या कागदावर लिहिलंय ते खरं ना हो? म्हणजे मग माझ्यातच काहीतरी आहे."

"मोजमापावरून तरी तसंच दिसतं," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी ते मान्य केलं.

आमच्या गावी आई चुलीपुढे बसून डोळे पुसते, तेव्हा आम्ही कोणी त्याला त्रास म्हणत नाही. धूर म्हणजे स्वयंपाक होतोय एवढंच. धुराचा त्रास होतो म्हणणं आमच्याकडेही लाडात जमा होतं. त्यामुळे माईंचा राग मला परका वाटला नाही. तेच मला पुढे दोन दिवस टोचत राहिलं.

काशीद

रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीदला पोचले तो शनिवार होता. शनिवारी काशीद ओळखू येत नाही, असं यंत्र सांभाळणारे काका म्हणाले. त्यांच्या घरात पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग होती, इंजिनं चालूच. वाळूवर चार चाकांच्या फटफट्या धावत होत्या. वाळू पांढरी आणि समुद्र सुंदर होता, पण माझं लक्ष आकाशाच्या कडेला लागलेल्या तपकिरी पट्ट्याकडेच जायचं. हवा शिकायला लागल्यापासून माझं असं झालं आहे. सूर्यास्त लाल झाला की मैत्रिणी फोटो काढतात आणि मी धूळ किती असेल याचा विचार करते.

काकांचं यंत्र बघून मला हसू आलं. त्यावर बोटभर धूळ, आत कोळ्यांची वसाहत. "चालतं ना? मग पुसायचं कशाला?" काका म्हणाले. "मंगळवारी बटन दाबतो, बुधवारी काढतो. बाकी त्याचं तो बघतो, माझं मी."

दुपारी त्यांच्या घरच्या जेवणात बांगडा होता. आमच्याकडे मटण कळतं, मासा कळत नाही. मी मटणाचा तुकडा खावा तसा घास घेतला आणि काटा घशात गेला. डोळ्यांतून पाणी. काकूंनी कोरड्या भाताचा गोळा हातात दिला. "चावू नका, गिळा!" काका शेजारून म्हणाले, "हवेची तपासणी करायला आल्या आणि हवाच बंद करून घेतली!" सगळे हसले. काटा उतरल्यावर मीही हसले. पण तो क्षणभर घसा आवळलेला असताना मला त्या मधल्या पायरीवर थांबणाऱ्या वहिनी आठवल्या.

संध्याकाळी वाळूवर चार-पाच ठिकाणी शेकोट्या पेटल्या. सकाळी त्याच जागी प्लास्टिकचे पेले आणि बाटल्या अर्धवट जळालेल्या दिसल्या. काशीदचा आलेख का चढतो, हे कोणाला विचारावं लागलं नाही.

हरिहरेश्वर

आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरायचं आणि पुन्हा एसटी. फेरीबोटीत गाड्या, माणसं, कोंबड्यांच्या जाळ्या एकत्र. रविवारी दुपारी हरिहरेश्वरला पोचले. देवळामागून पायऱ्या उतरून खडकांवर प्रदक्षिणेची वाट आहे, ओहोटी असेल तरच जाता येतं. लाटांनी कोरलेले ते खडक मधमाशीच्या पोळ्यासारखे दिसतात. मी फार पुढे गेले नाही, पाय घसरत होते. एका बाईंनी ओरडून सांगितलं, "ताई, चप्पल काढा, देवाला आणि खडकाला दोघांना चालत नाही."

इथलं यंत्र निवृत्त शिक्षक असलेल्या एका गुरुजींच्या गच्चीवर. त्यांच्या पत्नीने उकडीचे मोदक केले होते. आमच्याकडे गणपतीलासुद्धा पुरणाचे तळलेले मोदक. उकडीच्या मोदकावर तूप ओतून तो फोडायचा असतो, हे मला पहिला संपल्यावर कळलं.

गुरुजींच्या घरी मंगळवारच्या यंत्राला व्रताचा मान होता. "मंगळवार म्हणजे मंगळवार," ते म्हणाले. "दिवाळीच्या मंगळवारी शेजारी फटाके वाजवतायत, तरी लावलं. राबाच्या दिवसांत तर कागद चहात बुडवल्यासारखा निघतो. सून म्हणते, आज नका लावू, कसा काळा येतो बघा. मी म्हटलं, आपण चांगला कागद काढायचा नाहीये, खरा काढायचाय."

मी मोदक खाता खाता थांबले. राबाच्या दिवसांत इथे कागद चहासारखा निघतो. चौललाही राब भाजतात, माईंच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. चौलचे मार्चचे आणि एप्रिलचे कागद मी स्वतः वजन करून ठेवले होते. एकही तसा नव्हता. मग वाटलं, वाऱ्याची दिशा असेल, समुद्र जवळ असेल. सरांना हे कधी ना कधी सुचलं असेलच. इतक्या वर्षांच्या कामात मी काय नवीन शोधणार? तरी त्या रात्री झोप लागली नाही.

मूळ बेत हरिहरेश्वरहून माणगावमार्गे सरळ पनवेलला परतायचा होता. सकाळी मी गुरुजींना नमस्कार केला आणि उलट्या दिशेची एसटी धरली.

पुन्हा चौल

सोमवारी संध्याकाळी माईंनी दार उघडलं आणि विचारलं, "काय विसरलीस?" मी म्हटलं, "मंगळवारी यंत्र लावताना बघायचं राहिलं." ते खरंच होतं.

सकाळी लवकर उठले. समुद्रावरचा वारा दुपारी जोर धरतो, म्हणून राब सकाळीच पेटवतात. शेताच्या बाजूला माणसं जमत होती. वहिनींनी डोक्याला फडकं बांधलं होतं, अंगणात जांभळीचा ओला टहाळा घेऊन उभ्या होत्या. विनायकदादा गाडी पुसत होता. वहिनींकडे बघायचं तो टाळत होता.

माई गच्चीवर निघाल्या, हातात एक जुनं नऊवारी लुगडं. मी मागोमाग गेले. त्यांनी ते लुगडं यंत्राभोवती गुंडाळायला सुरुवात केली. फटीसुद्धा दाबून बंद करत होत्या.

"माई, आज मंगळवार. चालू करायचं ना?"

"आज?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेड्यासारखं काही बोलले. "आज कसं लावू गो? आज राब हाय. धुरानं कागद काळा व्हईल. मशीन पन आतून काळं व्हईल."

"मग कधी लावता?"

"धूर निवला की. उद्या, न्हायतर परवा. आपल्या राबाच्या दिवसांत तर चार-चार दिस थांबते. शेजारी कचरा पेटवला तरी मी थांबते. होळीला तर गुंडाळूनच ठेवते." त्या अभिमानाने म्हणाल्या, "ह्ये होते तवा ते धूर बघत न्हवते. मंगळवार आला की लावायचे, धूर असो नाय तर काय. कागद कसले घान निघायचे! मी हातात घेतल्यापासून बघ, एक कागद वाया गेला न्हाय."

मी गच्चीच्या कठड्याला धरून उभी राहिले. चौलची उतरती रेषा मला डोळ्यांसमोर दिसत होती. ती माईंचे यजमान गेल्याच्या वर्षापासून उतरायला लागली होती. गॅस त्याच सुमाराला आला होता, म्हणून आम्ही ती गॅसची समजलो. ती रेषा माईंच्या निगुतीची होती. दर वर्षी त्या अधिक काळजी घ्यायला लागल्या आणि दर वर्षी आमच्या कागदावर हवा अधिक चांगली झाली. ते पान काचेत बसलं, आणि मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

खरं सांगते, मला पहिला विचार प्रबंधाचा आला. काही बोलले नाही तर कोणाला कळणार होतं? मग खालून वहिनींच्या खोकल्याचा आवाज आला. राब अजून पेटलाही नव्हता, शेजारच्या चुलवणाचा धूर तेवढा होता.

"माई," मी म्हटलं, "सरांनी हे यंत्र दिलं ते काळा कागद मिळावा म्हणूनच. म्हणजे धूर असला तर तो कागदावर यावा म्हणून."

"म्हंजे?"

"ज्या दिवशी धूर असतो त्या दिवशीच लावायला हवं होतं. तुम्ही धुराचे दिवस सोडून लावलंत. म्हणून कागद पांढरे निघाले. हवा पांढरी नव्हती." "मी त्या दिवशी वहिनींना वाचून दाखवलं ते बरोबर नाही. चूक आमची आहे, आम्ही तुम्हाला नीट सांगितलं नाही. पण ते बरोबर नाही."

माईंच्या हातातलं लुगड्याचं टोक सुटलं. मला वाटलं, आता मला घरातून जायला सांगतील.

"मी येवढी जपली वस्तू," त्या म्हणाल्या, "आनि तू म्हनतेस मी खोटं केलं?"

"खोटं नाही माई."

"मंग काय?"

शेतातून कोणीतरी हाक मारली, "माई ऽऽ, सून पाठव गो! वारा सुटंल!"

माई कठड्याशी गेल्या. खाली अंगणात वहिनी पायात चपला सरकवत होत्या. माई बघत राहिल्या, मग ओरडल्या, "वनिता! तो टहाळा ठेव खाली!" आणि मुलाला, "विन्या, गाडी हाय ना? हिला रेवदंड्याला माझ्या भैनीकडं सोड. मंग जा कामावर."

"आई, सावडीचं काय?" वहिनींनी वर बघून विचारलं. त्यांचा चेहरा घाबरलेला होता, ही कुठली नवीन शिक्षा असं वाटल्यासारखा.

"मी बघते सावडीचं. तू जा."

माईंनी लुगडं सोडवून खांद्यावर टाकलं. "लाव," त्या मला म्हणाल्या. "मला हात लावायला नको सांगू. तूच लाव." मी नवा कागद बसवला आणि बटन दाबलं. पंपाची घरघर सुरू झाली.

मग माई टहाळा घेऊन निघाल्या. त्यांच्या गुडघ्यांकडे बघून मी म्हटलं, "तुमच्या घरातून राबाला मी जाते. चालेल का?"

त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "तुला सोसंल?"

"माहीत नाही."

शेतावर बायांनी मला बघून हसायला सुरुवात केली. "कोन गो माई ही? दुसरी सून आनली का?" "विन्याला दोन झेपतील व्हय?" माई त्या दिवशी हसल्या नाहीत. "पाहुनी हाय. माझ्या घरचं मानूस म्हनून आलीय," एवढंच म्हणाल्या आणि बांधावर बसल्या.

राब वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, म्हणजे आग धावत नाही, सावकाश मातीखालून सरकते. ज्वाळा थोड्या, धूर फार. तो जड, पिवळट, जमिनीसरसा धूर सारखा उलटून अंगावर यायचा. मी दाखवल्याप्रमाणे टहाळा झोडपत होते. थोड्या वेळाने डोळे उघडेनात. घशात काहीतरी घट्ट बसलं. शेजारच्या बाया पदर नाकाला लावून गप्पा मारत होत्या, एकमेकींना चिडवत होत्या, आणि मधूनच प्रत्येकीला खोकला येत होता. कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. मला बाजूला जाऊन ओकारी झाली. एक म्हातारी पाण्याचा तांब्या देत म्हणाली, "पयल्यांदा असंच व्हतं. मंग सवय व्हते."

राबाला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. त्या राखेवर या घरांचं वर्षाचं भात उगवतं. राब न भाजता रोपं करायच्या पद्धती आहेत असं मी पुस्तकात वाचलं आहे, पण त्या शेतात उभं राहून तसं म्हणणं मला जमलं नाही. वहिनींनी इतकी वर्षं त्या धुरात उभं राहून घरी येऊन ऐकलं की हवा चांगली आहे, एवढंच मनात घोळत होतं.

संध्याकाळी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर जाऊन मी सरांना फोन केला. सगळं सांगितलं.

"चौलची किती वर्षं टाकावी लागतील?" सरांनी विचारलं.

"माईंनी हातात घेतल्यापासूनची सगळी."

"म्हणजे तुझा प्रबंधच." आणि मग थकलेल्या आवाजात, "आणि माझा बराचसा. हवा सुधारली असं लिहायला फार आवडलं होतं मला. म्हणूनच विचारलं नाही बहुतेक, कागद इतके चांगले कसे." मग त्यांनी विचारलं, "त्या बाईंना रागावली नाहीस ना?"

"नाही सर."

"बरं केलंस. जे बघितलंस ते लिही. काय उरतं ते मग बघू."

समोर खाडीपलीकडे एका धुराड्यातून धूर निघत होता. वारा तो कुठे नेत होता हे मला सांगता आलं नसतं. त्यात काय आहे तेही नाही. चौलच्या हवेबद्दल मला त्या क्षणी काहीच माहीत नव्हतं.

बुधवार

सकाळी विनायकदादा वहिनींना परत घेऊन आला. एका रात्रीत चेहरा थोडा मोकळा झाला होता. त्या सरळ स्वयंपाकघराकडे निघाल्या, तर माईंनी अडवलं. "वर चल. तू पन चल गो."

गच्चीत आम्ही तिघी यंत्राभोवती उभ्या राहिलो. मी बटन बंद केलं. झाकण उघडून चिमटा घ्यायला गेले, तर माईंनी तो माझ्या हातातून घेतला. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी अगदी हलक्या हाताने कागद उचलला.

कागद तपकिरी-काळा झाला होता. कडेला, जिथे पकड बसते, तिथे गोल पांढरी रेघ राहिली होती. त्या रेघेमुळे मधला रंग आणखी गडद दिसत होता.

माईंनी तो उन्हाकडे धरला. वहिनींनी बघितला. त्यांनी कमरेचा पंप काढला, सासूच्या समोर, आणि ओढला. माईंनी ते पाहिलं. नजर वळवली नाही.

"हे तुझ्या छातीत जात व्हतं," माई म्हणाल्या. ते विचारलं होतं की सांगितलं होतं, मला कळलं नाही. "आनि मी म्हनायची, नाटकं."

मला वाटलं, वहिनी आता तरी काही सुनावतील. त्यांचा तो हक्कच होता. त्यांनी पदराने सासूच्या हातावर पडलेली काजळी पुसली आणि हळूच म्हणाल्या, "तुमच्या पण गेलं असणार, आई. माझ्या कितीतरी आधीपासून."

माईंनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. मघाशी त्यांनी तो सुनेसाठी बघितला होता. आता त्या तो स्वतःसाठी बघत होत्या, आणि बराच वेळ त्यांनी तो माझ्या पाकिटात टाकला नाही.